औषध नावाचे विष : केरळ १९५८ ते यवतमाळ २०१७

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी शेकडो माणसे विषबाधा होऊन रुग्णालयांत दाखल झाली. नोव्हेंबरपर्यंत वीसहून अधिक जण दगावले होते. त्यांतील अनेक जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारे मजूर होते. ‘शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही’ हे वाक्य त्या काळात फार ऐकू आले. ते कितपत खरे, हे पाहायचे तर यवतमाळपासून बरेच दूर, १९५८ च्या केरळात जावे लागते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात केरळात गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पिठाची पोती ज्या जहाजातून आली, त्याच जहाजात फॉलिडॉल, म्हणजे पॅराथिऑन या कीटकनाशकाचा साठा होता. तो गळला आणि पिठात मुरला. केंद्र सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्याकडे चौकशी सोपवली. त्या चौकशीपासून सुरू झालेल्या विचारविनिमयाची परिणती म्हणजे १९६८ चा कीटकनाशक कायदा. त्याचे नियम १९७१ मध्ये आले.

पॅराथिऑनचे कूळही जाणून घेण्याजोगे आहे. गेऱ्हार्ड श्राडर हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ १९३६ मध्ये कीटकनाशकाच्या शोधात असताना त्याच्या हाती ‘टाबुन’ हा युद्धवायू लागला. पुढे १९४४ मध्ये त्यानेच पॅराथिऑन तयार केले. दोन्ही सेंद्रिय फॉस्फरस संयुगे. शरीरात कोलिनेस्टरेझ नावाचे विकर मज्जातंतूंचा संदेश वेळीच थांबवते. ही संयुगे त्या विकरालाच निकामी करतात. मग बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, छाती भरून येते, श्वास अडतो. हे घडण्यासाठी विष पोटात जावेच लागते असे नाही. ते त्वचेतूनही भिनते. आपल्या खेड्यांत मात्र त्याला आजही ‘औषध’च म्हणतात. कपाशीवर औषध मारायचे असते.

आता कायद्याकडे. त्याच्या जन्माचे कारण होते विष खाल्लेला ग्राहक. त्यामुळे उत्पादनाची नोंदणी, विक्रीचा परवाना, डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण, वाहतूक आणि साठवण यांची त्याने तपशीलवार व्यवस्था लावली. नियमांत फवारणी करणाऱ्याच्या संरक्षक पोशाखाचाही उल्लेख आहे. पण मूळ कायद्याचे कलम ३८ सांगते की, स्वतःच्या लागवडीखालील जमिनीवर कोणी कीटकनाशक वापरत असेल, तर त्या वापराला या कायद्यातील काहीही लागू नाही. लहान शेतकऱ्याला इन्स्पेक्टरचा जाच नको, असा हेतू असू शकेल. परिणाम मात्र असा की, कायदा दुकानापर्यंत येतो आणि बांधाशी थांबतो.

वैद्यकीय तपासणीचा नियम ३७ वाचताना तर मी थबकलो. कारखान्यातील कामगाराची कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दर तिमाहीला तपासणी. सेंद्रिय फॉस्फरस हाताळणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेझची दरमहा मोजणी. व्यावसायिक कीटकनियंत्रण करणाऱ्याची वर्षातून एकदा तपासणी. या सर्वांची नोंदवही. याचा अर्थ धोका ठाऊक होता आणि तो मोजण्याची रीतही ठाऊक होती. नियमाच्या शब्दांत फवारणी करणारेही येतात, पण शेतात फवारणी करणाऱ्या मजुराचा वेगळा उल्लेख नाही. ते अशक्य होते असेही नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने १९७४ पासूनच शेतावर ही रसायने नियमित हाताळणाऱ्या मजुरांची कोलिनेस्टरेझ तपासणी मालकावर बंधनकारक केली होती.

या पार्श्वभूमीवर पुन्हा यवतमाळ. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, ओळी दाट होत्या, त्यामुळे फवारा चेहऱ्यावर आणि छातीवर येत होता. बीटी बियाण्याला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी पसरली होती. धास्तीने फवारण्या वाढल्या, दोन-तीन रसायने एकाच पंपात मिसळली गेली. नव्या बॅटरीवरच्या पंपांचा तुषार अधिक बारीक आणि जोरकस होता. त्यात दमट उकाडा आणि घामाने भिजलेला सदरा. अशा हवेत रबरी हातमोजे आणि मुखवटा घालून दिवसभर वीस लिटरचा पंप वाहणे म्हणजे काय, हे एकदा पाठीवर घेऊन पाहावे. मग ‘काळजी’ या शब्दाविषयी बोलू.

डॉक्टरांपुढची अडचण वेगळी होती. सेंद्रिय फॉस्फरसवर ॲट्रोपिन हा उतारा परिचित आहे. पण मिश्रणात नेमके काय होते हे रुग्णाला सांगता येत नसे, आणि काही नव्या रसायनांवर ठरावीक उतारा नाहीच. तेथे लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. कायद्याच्या कलम २६ नुसार विषबाधेची प्रत्येक घटना कळवणे सक्तीचे करण्याचा अधिकार राज्यांना आहे. तो अधिकार आहे, कर्तव्य नव्हे.

राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले, संरक्षक साहित्य वाटले, गावोगावी जागृती केली, मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. नोव्हेंबर २०१७ मध्ये मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत बंदी आली. मुदत साठ दिवस, कारण कलम २७ राज्याला एका वेळी तेवढाच अधिकार देते. कायमची बंदी केंद्राच्या हाती. हेच मोनोक्रोटोफॉस २००५ पासून भाजीपाल्यावर निषिद्ध होते. म्हणजे इथेही आधी खाणाऱ्याचाच विचार झाला होता.

राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजना तेव्हा चालू होती आणि कीटकनाशक हाताळताना होणारी विषबाधा तिच्या अपघातांच्या यादीत होती. लाभ मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदाराला. २०१९ मध्ये तिची कक्षा खातेदाराच्या कुटुंबातील आणखी एका सदस्यापर्यंत वाढवण्यात आली. ज्याच्या घरात कोणाच्याच नावावर जमीन नाही आणि जो दुसऱ्याच्या कपाशीत रोजाने पंप वाहतो, तो त्या कक्षेत तेव्हाही आला नाही.