प्रारंभ (जलतरण)

स्पर्धात्मक जलतरणात प्रारंभाचा संकेत मिळाल्यापासून जलतरणपटू पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन नियमित पोहू लागेपर्यंतच्या हालचालींना प्रारंभ किंवा स्टार्ट असे म्हणतात. फ्रीस्टाइल, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय आणि वैयक्तिक मेडले या शर्यतींचा प्रारंभ चौथऱ्यावरून सूर मारून होतो. बॅकस्ट्रोक आणि मेडले रिले या शर्यती मात्र पाण्यातूनच सुरू होतात.

शर्यतीत जलतरणपटूचा वेग पाण्यात शिरण्याच्या क्षणी सर्वाधिक असतो. केवळ हातपाय मारून तो वेग गाठता येत नाही. त्यामुळे चौथऱ्यावर मिळवलेला वेग शक्य तितका टिकवणे हा प्रारंभाच्या तंत्राचा गाभा होय. शर्यत जितकी लहान, तितके प्रारंभाचे महत्त्व अधिक. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पहिल्या १५ मीटरांना एकूण वेळेच्या सुमारे चौथा हिस्सा लागतो. याच कारणाने प्रशिक्षक प्रारंभाची गुणवत्ता १५ मीटरपर्यंतच्या वेळेवरून मोजतात.

इतिहास

सुरुवातीच्या काळात जलतरणपटू तलावाच्या काठावरून उडी घेत असत. ऑलिंपिकमध्ये प्रारंभचौथरे १९३६ च्या बर्लिन स्पर्धेपासून वापरात आले. त्यानंतरची अनेक वर्षे दोन्ही पाय पुढच्या कडेवर ठेवून, हात मागे किंवा गोलाकार फिरवून झेप घेण्याची पद्धत रूढ होती. हात फिरवण्याने जोर मिळे, पण चौथऱ्यावर वेळ खर्च होई.

१९६० च्या दशकात अमेरिकन प्रशिक्षक एरिक हॅनॉअर यांनी चौथऱ्याची पुढची कड हातांनी घट्ट पकडण्याची पद्धत प्रचारात आणली. तिला ग्रॅब स्टार्ट म्हणतात. पुढे धावपटूंप्रमाणे एक पाय पुढे व एक पाय मागे ठेवण्याची ट्रॅक स्टार्ट ही पद्धत आली. २००९-१० च्या सुमारास मागील बाजूस तिरपी पट्टी असलेले चौथरे स्पर्धांमध्ये दिसू लागले आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते प्रथम वापरले गेले. या पट्टीच्या आधाराने घेतलेल्या प्रारंभाला किक स्टार्ट म्हणतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये आज हीच पद्धत सर्वत्र आढळते.

प्रारंभचौथरा

वर्ल्ड ॲक्वाटिक्स (पूर्वीची फिना) या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार चौथऱ्याची उंची पाण्याच्या पृष्ठभागापासून ०.५ ते ०.७५ मीटर असावी लागते. त्याचा पृष्ठभाग किमान ०.५ मीटर लांब व ०.५ मीटर रुंद, न घसरणारा आणि पुढच्या बाजूस जास्तीत जास्त १० अंश उताराचा असतो. मागील पट्टी सुमारे ३० अंशांनी तिरपी असते. ती पुढेमागे सरकवून जलतरणपटूला आपल्या पायांच्या लांबीनुसार बसवता येते.

पायांची ठेवण

पुढचा पाय चौथऱ्याच्या पुढच्या कडेवर असतो. त्याची बोटे कडेवरून खाली वळवून पकड घेतली जाते. पकड सैल असल्यास जोर लावताना पाय मागे घसरतो आणि जोर वाया जातो. मागच्या पायाचा चवडा तिरप्या पट्टीवर टेकलेला असतो, टाच मात्र अधांतरी राहते. संपूर्ण तळवा टेकवल्यास घोट्याच्या व पोटरीच्या स्नायूंचा जोर पूर्णपणे वापरता येत नाही. मागचा गुडघा साधारण काटकोनात वाकलेला, तर पुढचा त्याहून बराच मोकळा असतो.

दोन्ही पायांमधील आडवे अंतर साधारणपणे कमरेच्या रुंदीपेक्षा जास्त नसते. पाय फार फाकलेले असल्यास जोर बाजूला विभागला जातो आणि झेप वाकडी जाते. गुडघे व पावले पोहण्याच्या दिशेकडे रोखलेली असणे आवश्यक असते.

कोणता पाय पुढे ठेवावा याबाबत सर्वांना लागू पडणारा नियम नाही. मागचा पाय प्रथम सुटतो आणि शरीराला पुढच्या दिशेने मोठा धक्का देतो. पुढचा पाय शेवटपर्यंत चौथऱ्यावर राहून झेपेची दिशा निश्चित करतो. दोन्ही पायांची कामे भिन्न असल्याने केवळ ‘बलवान पाय मागे’ असे ठरवून चालत नाही. दोन्ही प्रकारे अनेकदा प्रारंभ करून, ५ व १५ मीटरपर्यंतची वेळ नोंदवून निवड करणे हा विश्वासार्ह मार्ग मानला जातो. पट्टीची जागाही याच पद्धतीने ठरवतात. पट्टी फार पुढे घेतल्यास मागचा गुडघा अतिशय वाकतो. फार मागे नेल्यास पाय जवळजवळ सरळ राहतो आणि जोर लावण्यास वाव उरत नाही.

चौथऱ्यावरील स्थिती आणि झेप

पंचाच्या लांब शिट्टीनंतर जलतरणपटू चौथऱ्यावर चढतात. ‘टेक युअर मार्क्स’ या आज्ञेनंतर त्यांनी किमान एक पाय चौथऱ्याच्या पुढच्या भागावर ठेवून लगेच प्रारंभाची स्थिती घ्यायची असते. हातांच्या स्थितीवर नियमांचे बंधन नाही. सर्व जलतरणपटू निश्चल झाल्यावरच स्टार्टर संकेत देतो.

या स्थितीत कंबर उंच, मान सैल आणि नजर खाली असते. हातांनी पुढची कड धरलेली असते. संकेत मिळताच हातांनी कड ओढून शरीर पुढे खेचले जाते आणि त्याच वेळी मागचा पाय पट्टीवर जोर देतो. प्रथम हात, मग मागचा पाय आणि अखेरीस पुढचा पाय चौथऱ्यापासून सुटतो. उत्तम जलतरणपटूंना संकेतापासून चौथरा सोडेपर्यंत साधारण ०.६ ते ०.७ सेकंद लागतात. मात्र लवकर सुटणे म्हणजे चांगला प्रारंभ नव्हे. पुरेसा जोर न लावता घाईने सुटलेला जलतरणपटू थोडा उशिरा परंतु अधिक वेगाने सुटणाऱ्याच्या मागे पडू शकतो.

पाण्यात प्रवेश आणि पाण्याखालील टप्पा

हवेत असताना हात कानांजवळून पुढे ताणलेले, तळहात एकमेकांवर आणि डोके दोन्ही दंडांच्या मध्ये असते. बोटे पाण्याला जिथे स्पर्श करतात, साधारण त्याच जागेतून डोके, कंबर व पाय आत जावेत असा प्रयत्न असतो. शरीर आडवे पडल्यास पाण्याचा मोठा अवरोध होऊन वेग नष्ट होतो. फार उभा सूर मारल्यास जलतरणपटू खोल जातो आणि वर येण्यात वेळ दवडतो.

पाण्याखाली शरीर बाणासारखे सरळ ठेवून काही क्षण वाहू दिले जाते. वेग कमी होऊ लागताच डॉल्फिन किक सुरू करतात. किक फार लवकर सुरू केल्यास मिळालेला वेगच मोडतो. फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक व बटरफ्लायमध्ये १५ मीटरपर्यंत डोके पृष्ठभागाबाहेर येणे बंधनकारक आहे. या मर्यादेमागे १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा संदर्भ आहे. त्या स्पर्धेतील १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये सुवर्णपदक विजेता दाइची सुझुकी आणि रौप्यपदक विजेता डेव्हिड बर्कॉफ यांनी बरेच अंतर पाण्याखालूनच कापले होते. त्यानंतर बॅकस्ट्रोकमध्ये प्रथम १० व पुढे १५ मीटरची मर्यादा आली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये प्रारंभानंतर पाण्याखाली हातांचा एक पूर्ण ओढा आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकपूर्वी एक डॉल्फिन किक घेता येते.

बॅकस्ट्रोकचा प्रारंभ

जलतरणपटू भिंतीकडे तोंड करून चौथऱ्याच्या दांड्या दोन्ही हातांनी धरतो आणि पावले भिंतीवर किंवा टचपॅडवर टेकवतो. टचपॅडच्या वरच्या कडेवर बोटे वळवण्यास मनाई आहे. ओल्या भिंतीवर पाय घसरणे हा या प्रारंभातील मोठा धोका होता. त्यावर उपाय म्हणून पायांखाली आधार देणारी तिरपी, अरुंद पट्टी आली. ती लेज या नावाने ओळखली जाते आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्रथम वापरली गेली. लेज पाण्याच्या पातळीपासून ४ सेंटिमीटर वर वा खाली ठेवता येते. ती वापरताना प्रत्येक पायाचे किमान एक बोट भिंतीला वा टचपॅडला टेकलेले असावे लागते.

रिलेतील प्रारंभ

रिलेत दुसऱ्या व त्यापुढील जलतरणपटूंना संकेताची वाट पाहावी लागत नाही. येणाऱ्या सहकाऱ्याची गती पाहून ते आधीच हालचाल सुरू करू शकतात. मात्र सहकाऱ्याचा भिंतीला स्पर्श होण्यापूर्वी पाय चौथऱ्यावरून सुटल्यास संपूर्ण संघ बाद होतो.

चुकीचा प्रारंभ

संकेतापूर्वी सुटणारा जलतरणपटू बाद ठरतो. त्याला दुसरी संधी मिळत नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलच्या एका प्राथमिक फेरीतील दोन स्पर्धक याच कारणाने बाद झाले आणि विषुववृत्तीय गिनीच्या एरिक मुसांबानीला एकट्यानेच शर्यत पोहावी लागली. ती त्याने १ मिनिट ५२.७२ सेकंदांत पूर्ण केली. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक निवड स्पर्धेत विश्वविक्रमवीर इयान थॉर्प ४०० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत तोल जाऊन संकेतापूर्वीच पाण्यात पडला व बाद झाला. पात्र ठरलेल्या क्रेग स्टीव्हन्सने ती शर्यत सोडल्याने थॉर्पला संधी मिळाली आणि अथेन्समध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले.

सुरक्षितता

उथळ पाण्यात सूर मारल्यास डोके तळावर आपटून मानेच्या मणक्यांना इजा होऊ शकते आणि कायमचे अपंगत्व येऊ शकते. चौथरे असलेल्या तलावात भिंतीपासून १ मीटर ते किमान ६ मीटर अंतरापर्यंत पाण्याची खोली किमान १.३५ मीटर असणे आवश्यक आहे. ही स्पर्धेच्या नियमांतील किमान मर्यादा असून नवशिक्यांसाठी अधिक खोल पाणी हितावह ठरते. शिकाऊ मुलांना प्रथम काठावर बसून, मग गुडघा टेकवून, त्यानंतर उभ्याने आणि शेवटी चौथऱ्यावरून सूर मारण्यास शिकवतात. हात डोक्यापुढे ताणलेले ठेवणे ही सवय वेगासाठी जितकी उपयुक्त, तितकीच डोक्याच्या व मानेच्या संरक्षणासाठी महत्त्वाची असते.