खांबांवरील जोडणीची परवानगी

खांबांवरील जोडणीची परवानगी : विजेच्या किंवा पथदिव्याच्या खांबावर त्रयस्थ संस्थेला केबल, स्मॉल सेल (मोबाइल जाळ्याचे छोट्या पल्ल्याचे यंत्र), वाय-फाय यंत्र, कॅमेरा किंवा त्यांची वीजपेटी बसवू देणारी संमती. ती नगरपालिका, महानगरपालिका किंवा खांबाची मालक असलेली वीज कंपनी देते. भारतात या विषयाची चर्चा बहुतेक वेळा दोनच मुद्द्यांभोवती फिरते : परवानगी किती दिवसांत मिळाली आणि शुल्क किती भरावे लागले. दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण दुय्यम आहेत. खांबाची ताकद मर्यादित असते आणि तो अनेकांनी मिळून वापरायचा असतो. म्हणून त्यावर कोणाकोणाचा किती भार आहे याची नोंद ठेवणे हे परवानगीचे मुख्य काम ठरते. ही नोंद असेल तरच मुदतीची सक्ती आणि स्वस्त शुल्क न्याय्य ठरतात; ती नसेल तर दोन्हींमुळे धोका वाढतो.

कायद्याची सुरुवात भारतीय तार अधिनियम, १८८५ पासून होते. त्याच्या कलम १० ने तार यंत्रणेला दुसऱ्याच्या मालमत्तेवरून तारा नेण्याचा आणि खांब उभारण्याचा अधिकार दिला, परंतु तो केवळ वापराचा अधिकार ठेवला, मालकीचा नाही. मालमत्ता स्थानिक संस्थेकडे असेल तर तिची परवानगी आवश्यक ठरवली, आणि खर्च, वेळ व कामाची पद्धत यांबाबत वाजवी अटी घालण्याची मुभा कलम १२ ने त्या संस्थेला दिली. भारतीय तार मार्गाधिकार नियम, २०१६ यांनी अर्जाच्या निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत घातली. नकार द्यायचा तर अर्जदाराचे म्हणणे ऐकून कारणे नोंदवावी लागत, आणि मुदतीत निर्णय झालाच नाही तर परवानगी मानीव, म्हणजे आपोआप मिळालेली, ठरत असे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने रस्त्यावरचे खांब आणि तत्सम उभ्या वस्तूंसाठी वेगळी तरतूद आली. स्मॉल सेलसाठी दर वस्तूमागे वर्षाला शहरी भागात कमाल ३०० रुपये व ग्रामीण भागात १५० रुपये, तर तारेसाठी १०० रुपये अशी मर्यादा ठरली. पुढे दूरसंचार अधिनियम, २०२३ आला आणि त्याखालील मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

प्रत्यक्षात मात्र दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात : खांब कोणाचा आणि रस्ता कोणाचा? मुंबईत १८८८ च्या महानगरपालिका कायद्यानुसार सार्वजनिक रस्ते महानगरपालिकेकडे निहित आहेत, पण शहर भागातील पथदिव्यांची व्यवस्था बेस्टकडे आहे. राज्याच्या बहुतांश भागात वितरणाचे खांब महावितरणचे, आणि त्यांच्यावर लावलेले दिवे अनेक ठिकाणी नगरपालिकेचे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५१ नुसार वितरण कंपनी आपली मालमत्ता पूरक व्यवसायासाठी वापरू शकते, मात्र त्यासाठी नियामक आयोगाला आधी कळवावे लागते आणि उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा वहन आकार (वीज वाहून नेण्याचे शुल्क) कमी करण्यासाठी द्यावा लागतो. म्हणजे खांबाच्या भाड्यात वीजग्राहकाचाही वाटा आहे. एकाच खांबावर इतक्यांचा हक्क असताना त्याच्या स्थितीची नोंद कोणा एकाच्या दप्तरात अपुरी राहणे स्वाभाविक आहे, आणि म्हणूनच ते धोकादायकही आहे.

हा धोका अंदाजाचा नाही, गणिताचा आहे. खांबावर बसवलेल्या यंत्राच्या वजनापेक्षा वाऱ्यासमोर येणारे त्याचे क्षेत्रफळ आणि उंची जास्त महत्त्वाची असते. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, तर पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. ४४ मीटर वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे १,१६० न्यूटन दाब येतो. इतर गुणांक बाजूला ठेवले तरी पाव चौरस मीटरच्या पेटीवर जवळपास ३० किलो वजनाइतका आडवा रेटा बसतो. ही पेटी आठ मीटर उंचीवर असेल तर तो रेटा आठ मीटर लांबीच्या तरफेने खांबाचा पाया उखडू पाहतो. केबलचे वेगळेच. सरळ रांगेतल्या खांबावर दोन्ही बाजूंचा ताण एकमेकांना तोलतो, पण रांग वळते किंवा संपते तिथे तो एकाच बाजूने ओढतो आणि स्टे (आधाराची तिरकी तार) दिला नसेल तर खांब कलतो. शिवाय केबल झोळ खाऊन खाली येते. रस्ता ओलांडणाऱ्या कमी दाबाच्या वीजतारेला जमिनीपासून किमान ५.८ मीटर अंतर ठेवावे लागते. तिच्याखालून जाणारी केबल खाली लोंबली तर वाहनात अडकते, आणि वर ओढली तर लाइनमनच्या कामाची सुरक्षित जागा खाते.

२०२२ च्या दुरुस्तीने अर्जासोबत संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागितले, ही योग्य अट आहे. तरीही प्रमाणपत्र त्या दिवसाचा खांब पाहते. सहा महिन्यांनी दुसरी कंपनी येते, तिचा अभियंता तिच्या यंत्राचे गणित मांडतो. आधी लावलेल्या आणि विनापरवाना गुंडाळलेल्या केबली कोणत्या हिशेबात धरायच्या, हे त्याला सांगणारे दप्तर नसते. अशा वेळी प्रत्येक प्रमाणपत्र आपापल्या जागी बरोबर असूनही एकूण भार चुकीचा ठरू शकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २००७ मध्ये मालिबू कॅन्यन भागात जोराच्या वाऱ्यात तीन खांब कोसळून वणवा पेटला. ते खांब वीज कंपनी आणि दूरसंचार कंपन्या मिळून वापरत होत्या. पुढे राज्याच्या नियामक आयोगासमोर खांबांवरील जादा भार हाच वादाचा मुख्य मुद्दा झाला आणि संबंधित कंपन्यांना कोट्यवधी डॉलरची तडजोड करावी लागली.

म्हणून खांबावरील एकूण भार तपासून तो नोंदवहीत ठेवायला हवा. यावर पहिला आक्षेप असा की अशी तपासणी म्हणजे विलंबाला नवे निमित्त. विलंबाची तक्रार रास्त आहे. स्मॉल सेलचा पल्ला छोटा असल्यामुळे एका वस्तीला असे अनेक खांब लागतात, आणि प्रत्येकासाठी महिनोन्‌महिने थांबायचे तर जाळे उभेच राहणार नाही. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगानेही २०१८ मध्ये, अस्तित्वात असलेल्या खांबावरील स्मॉल सेलसाठी ६० दिवसांची मुदत घातली आणि एका सेलमागे वर्षाला २७० डॉलरपर्यंतचे शुल्क वाजवी मानले. परंतु नोंदवही उशीर वाढवत नाही, कमी करते. खांबाची उंची, प्रकार, आधीचा भार आणि शिल्लक क्षमता तयार असेल तर अधिकाऱ्याला दरवेळी स्थळपाहणीपासून सुरुवात करावी लागत नाही. माहितीच नसलेल्या कार्यालयात मुदत संपते आणि परवानगी मानीव ठरते, तेव्हा खांब तपासला गेलेला नसतो. फक्त दिवस मोजले गेलेले असतात.

दुसरा आक्षेप पैशाचा : ३०० रुपयांत नोंदवही कशी सांभाळायची? शुल्काला मर्यादा असणे योग्यच आहे, कारण सार्वजनिक रस्ता हे नफ्याचे दुकान नव्हे आणि चढे भाडे शेवटी ग्राहकाच्याच बिलात येते. नोंदीसाठी लागणारी बहुतेक माहिती अर्जातच असते. ती फाइलीत पुरण्याऐवजी खांबाच्या क्रमांकावर नोंदवायची आहे. खांब बदलणे किंवा बळकट करणे हा खर्च वार्षिक शुल्कातून न काढता, ज्याच्या यंत्रामुळे गरज पडली त्याच्याकडून प्रत्यक्ष खर्चानुसार घ्यावा. तिसरा आक्षेप व्यावसायिक गुप्ततेचा आहे. परंतु यंत्राचा मालक, आकार, वजन आणि परवानगीची तारीख जाहीर करण्याने कोणत्याही कंपनीच्या जाळ्याचे गुपित उघडे पडत नाही. वारंवारता किंवा ग्राहकसंख्या विचारण्याचे कारणच नाही. विद्युतचुंबकीय किरणोत्साराची शंका नागरिक विचारतात, तिचे उत्तर मात्र पालिकेने आपल्या अटींत शोधू नये. त्याच्या मर्यादा केंद्रीय दूरसंचार विभाग ठरवतो आणि तपासतो.

त्यामुळे पूर्ण परवानगी ती, जिच्यात खांबाचा क्रमांक, यंत्राचा मालक, भार व उंची, जमिनीपासून आणि वीजतारेपासून राखायचे अंतर, वीजजोडणी व मीटर, आणि काम बंद झाल्यावर यंत्र उतरवण्याची जबाबदारी एकत्र नोंदलेली असते आणि जी कोणत्याही नागरिकाला वाचता येते. पालिका, वितरण कंपनी आणि अर्जदार तिघांनी ही एकच नोंद प्रमाण मानली, तर ठरावीक मुदतीचा कंपनीला लाभ होईल आणि खांबाखालून चालणाऱ्या माणसाची सुरक्षितताही राखली जाईल. जबाबदारी ठरवणारे दप्तर नसेल, तर दंड, मुदत आणि शुल्क यांची कितीही दुरुस्ती केली तरी कोसळलेल्या खांबाचा जाब विचारायचा कोणाला, हा प्रश्न अनुत्तरितच राहील.