पाणी, प्रकाश आणि लाकडी गोळे

विजेच्या साहाय्याने पाण्यातून हायड्रोजन व प्राणवायू वेगळे करण्याचा प्रयोग आपण शाळेत पाहिला असेल. तेच काम थेट सूर्यप्रकाशाकडून करवून घेता येते, हे १९७२ साली जपानमधील फुजिशिमा व होंडा यांनी दाखविले. पाण्यात बुडविलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडताच तेथे प्राणवायूचे बुडबुडे उठले आणि तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजनचे. उणीव एकच, पण मोठी! हा पदार्थ केवळ जंबुपार किरण शोषतो आणि आपल्यापर्यंत पोहोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा शेकडा पाचच्या आसपास असतो.

यावरील एक उपाय निराळ्याच वाटेने आला. मेलबर्न येथे रिचर्ड रॉबसन यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांसाठी अणूंच्या प्रतिकृती म्हणून लाकडी गोळे करवून घेतले. कोणत्या गोळ्याला कोठे भोके पाडावयाची, हे त्यांनी स्वतः आखून दिले. पुढे गोळे जोडून पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, भोकांच्या जागा ठरल्या की रचनाही ठरते. शिक्षकाच्या पूर्वतयारीतून निघालेले हे संशोधन मला विशेष प्रिय आहे. १९८९ साली त्यांनी तांब्याचे आयन व सेंद्रिय रेणू यांची पोकळ चौकट रचली. ओमर याघी यांच्या १९९९ सालच्या जस्ताच्या चौकटीत एका ग्रॅमला सुमारे २९०० चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग भरला. या दोघांना व सुसुमू कितागावा यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा चौकटीतील सेंद्रिय दुवा बदलून तिला दृश्य प्रकाशही शोषावयास लावता येते. परंतु जस्ताची ती चौकट दमट हवेतही टिकेना; मग पाण्यात काय टिकणार? ऑस्लो येथे २००८ साली झिर्कोनियमची कणखर चौकट झाली, तेव्हा वाट मोकळी झाली. २०१२ साली जपानी संशोधकांनी टायटॅनियमच्या चौकटीत अमिनो गट व प्लॅटिनमचे कण बसवून दृश्य प्रकाशात हायड्रोजन मिळविला.

मात्र हिशेब बारकाईने वाचावा. पाण्यातून प्राणवायू काढणे हा कामाचा अवघड भाग. तो येथे टाळला गेला आणि त्याऐवजी ट्रायइथॅनॉलअमाइन हे रसायन खर्ची पडले. या विषयावरील पुष्कळ प्रयोगांत अशीच तडजोड असते. ते रसायन अमोनियापासून बनते आणि अमोनिया बनविण्यास हायड्रोजनच लागतो.