हंगामाची पत्रिका आणि मुंबईचा वाद्यवृंद

सिंफनी वाद्यवृंदाच्या येत्या हंगामाची पत्रिका हाती पडली, की हिंदुस्थानी मैफलींवर वाढलेल्या माणसाला पहिले आश्चर्य वाटते ते तारखांचे. अमुक महिन्याच्या अमुक संध्याकाळी ब्राम्सची चौथी सिंफनी वाजणार, हे कित्येक महिने आधी छापले जाते आणि बहुधा तसेच घडते. आपल्याकडे तानपुरे जुळून पहिला षड्ज लागेपर्यंत राग कोणता, हे पुढच्या सतरंजीवरच्या जाणकारांनाही ठाऊक नसते. पुणेकरांनी १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या निमित्ताने 'सीझन तिकीट' हा शब्द पुरता मराठी करून टाकला; पण ते तिकीट काढणारा गायकाच्या नावावर पैसे मोजतो, रचनेच्या नावावर नव्हे. या दोन सवयींतील अंतर आम्हांस फार दिवस केवळ आवडीनिवडीचे वाटत असे. थोडा इतिहास चाळल्यावर लक्षात आले, की त्यामागे पैशाचा आणि पगाराचा एक लांबलचक हिशेब आहे. आणि तो हिशेब मुंबईत का जुळला नाही, ही कथा त्या पत्रिकेहूनही अधिक वाचनीय आहे.

१७४३ साली लाइपझिग शहरात सोळा जणांनी, त्यांतले बहुतेक व्यापारी, वर्गणी काढून सोळा वादक नेमले. राजाश्रय नाही, देवळाचा आश्रय नाही. गावातल्या धनिकांनी स्वतःच्या कानांसाठी केलेली ही सोय. १७८१ मध्ये ही मंडळी कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीत बांधलेल्या नव्या सभागृहात गेली आणि त्या इमारतीचेच नाव वाद्यवृंदाला चिकटले: गेवांडहाउस. लंडनमध्ये सालोमन नावाच्या उद्योगी व्हायोलिनवादकाने हायडनला बोलावून १७९१ साली हॅनोव्हर स्क्वेअरमध्ये बारा शुक्रवारांची मालिका आखली. वर्गणी आधी, संगीत नंतर. हायडनच्या ज्या बारा सिंफनींना आज 'लंडन सिंफनी' म्हणतात, त्या या व्यवहारातून १७९५ पर्यंत सिद्ध झाल्या. कलेच्या इतिहासात वर्गणीदाराला कोणी हार घालत नाही. पण येथे तो घालावयास हरकत नाही.

वर्गणी आणि कायमचे वादक नसले म्हणजे काय होते, याचा दाखला बेटोफनच्याच आयुष्यात सापडतो. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात त्याने स्वतःच्या हिमतीवर एक जलसा केला. पाचवी सिंफनी, सहावी सिंफनी, चौथा पियानो कन्चेर्टो, आणि शेवटी गायकवृंदासह एक फँटसी. आजचा कोणताही वाद्यवृंद ज्या सामग्रीवर तीन संध्याकाळी काढील, ती एका रात्रीत. नाट्यगृह गारठलेले, कार्यक्रम चार तासांचा, वादक जमतील तसे जमवलेले आणि तालमी अपुऱ्या. अखेरच्या फँटसीत वृंद असा विस्कटला, की बेटोफनने तो मध्येच थांबवून पुन्हा सुरू केला. ज्या पाचव्या सिंफनीची सुरुवात आज शाळकरी पोरेही गुणगुणतात, ती जगाने प्रथम ऐकली ती अशी, कुडकुडत. व्हिएन्नातील दरबारी ऑपेराच्या वादकांनी ओटो निकोलाय याच्या संचालनाखाली स्वतःचा स्वायत्त वृंद उभा केला तो १८४२ मध्ये, म्हणजे बेटोफनच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी. आणि त्याची वर्गणीची नियमित मालिका सुरू झाली १८६० साली. तोवर आणखी एक पालट झाला होता. आरंभीचे वर्गणीदार नवे काय लिहिले गेले हे ऐकायला येत. एकोणिसावे शतक उतरत आले तसे ते दिवंगतांच्या रचना ऐकायला येऊ लागले. हंगामाच्या पत्रिकेला आज जे संग्रहालयाचे रूप दिसते, ते तेव्हाचे.

हिशेबाचे सूत्र आता स्पष्ट व्हावे. सत्तर-ऐंशी माणसांनी एका श्वासात वाजवायचे तर त्यांना एकत्र बसण्याची सवय हवी. सवयीसाठी तालमी हव्यात, तालमींसाठी दिवस हवेत, आणि ते दिवस पोटापाण्यासाठी दुसरीकडे विकावे लागू नयेत म्हणून पगार हवा. पगार द्यायचा तर वर्षाचे उत्पन्न आधी ठाऊक हवे. म्हणून हंगाम, म्हणून छापील तारखा. आपल्या गवयाला यातले काहीच लागत नाही. तबलजी आणि पेटीवाला मंचावरच प्रथम भेटले तरी मैफल रंगते. कित्येकदा त्यामुळेच रंगते.

मुंबईत या व्यवहाराचे बीज पडले ते १९३० नंतरच्या दशकात. १९३४ साली वाल्टर काउफमान हा ज्यू संगीतकार मध्य युरोपातील वाढत्या अंधारातून निसटून मुंबईस आला. त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, आणि पुढे आकाशवाणीत पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळला. पहाटे रेडिओ लावणाऱ्या तीन पिढ्यांच्या कानांत बसलेली आकाशवाणीची संकेतधून त्याचीच. त्याच्या त्रिकूटात व्हायोलिन वाजवत असे तो मेहली मेहता हा तरुण पारशी. याच मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला.

त्या वृंदाची घडण मोठी विलक्षण होती. तंतुवाद्यांवर गोव्याचे ख्रिस्ती वादक आणि हौशी पारशी. फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडातील माणसे. मधूनमधून युरोपातून आलेले निर्वासित आणि येथे नोकरीस असलेले गोरे. बेल्जियन संचालक ज्यूल क्रेन यांनीही मुंबईच्या या वृंदावर मेहनत घेतली. एका बाकावर बसून एकाच कागदावरून वाजवणारे दोघे घरी दोन वेगळ्या भाषा बोलत, आणि उपजीविकेसाठी दोन अगदी वेगळ्या जगांत वावरत. मेहतांच्या घरात चौकडीच्या तालमी चालत. त्या ऐकत मोठा झालेला त्यांचा मुलगा झुबिन वैद्यकाचे शिक्षण अर्धे टाकून १९५४ मध्ये, अठराव्या वर्षी, व्हिएन्नास गेला. वर्षभरात मेहलींनीही मुंबई सोडली. मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात त्यांनी पाच वर्षे व्हायोलिन वाजवले आणि मग अमेरिकेस जाऊन लॉस एंजेलिस येथे तरुण वादकांचा एक नामांकित वृंद उभा केला. जे मुंबईत टिकवता आले नाही, ते त्यांनी वयाच्या पन्नाशीनंतर परक्या मुलुखात करून दाखवले.

येथे वाचक विचारतील, की मुंबईत न टिकण्याचे कारण काय? इंग्रज गेले, त्यांच्याबरोबर श्रोतेही गेले, हे उत्तर सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. श्रोते पुष्कळ उरले होते. पारशी होते, गोवेकर होते, थोडेफार मराठी आणि गुजराती रसिकही होते. उरला नव्हता, किंबहुना कधी नव्हताच, तो पगार. बॉम्बे सिंफनीचा वादक संध्याकाळी मोझार्ट वाजवी खरा, पण त्याची चूल पेटे ती दुसरीकडे: ताजमहाल हॉटेलातील जॅझच्या बँडवर, मूकपटांच्या काळी चित्रपटगृहात, आणि बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत.

या ठिकाणी गोव्याकडे वळले पाहिजे, कारण या कथेचे खरे नायक तेथले आहेत. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडून ज्या शाळा चालत, त्यांत मुलांना नोटेशन वाचून गाणे आणि व्हायोलिन वाजवणे शिकवले जाई. शिकवणाऱ्याचा हेतू रविवारच्या प्रार्थनेपुरता. पण शिकणाऱ्याच्या हाती एक धंदा येई. हा धंदा घेऊन गोवेकर संस्थानांच्या बँडांत, आगबोटींवर आणि पुढे मुंबईत पसरले. हिंदी चित्रपटाच्या संगीतकारांपैकी फार थोड्यांना पाश्चात्य स्वरलेखन येत असे. चाल त्यांची, पण तीस-चाळीस वादकांसाठी प्रत्येकाचा कागद वेगळा लिहायचा, कोठे व्हायोलिन शिरतील, कोठे ट्रम्पेट थांबेल हे ठरवायचे काम 'अरेंजर'चे, आणि तो बहुधा गोव्याचा. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी जे लिहिले, ते बाजूला काढले तर त्या गाण्यांचे अर्धे वैभव नाहीसे होईल. नामावलीत त्यांचे नाव आलेच तर 'सहायक' म्हणून. १९६१ च्या 'छाया' चित्रपटात सलील चौधरी यांनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवर बेतलेली चाल घातली, तेव्हा जी चाल लाखो लोकांना नवी होती, तिचे मूळ स्टुडिओत वाजवणाऱ्या कित्येकांना ओळखीचे असणार.

या मंडळींपैकी एकाने पत्रिकेवर स्वतःचे नाव यावे म्हणून केलेला प्रयत्न आम्हांस वारंवार आठवतो. अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली माजोर्डा गावचा. वडील तेथल्या चर्चचे गायनमास्तर. पोरवयातच मुंबईस येऊन ते नौशाद यांच्या वृंदात वाजवू लागले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. स्टुडिओत रागदारीवर बांधलेल्या चाली रोज कानी पडत होत्या आणि पाश्चात्य वृंदरचनेचे शास्त्र हाती होते. या दोहोंना तीन मिनिटांच्या गाण्यापलीकडे एकत्र आणता येईल, असे त्यांना वाटू लागले. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारला आणि सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाच्या चौकात आपल्या रचना वाजवून दाखवल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. वादक तेच, स्टुडिओतले सहकारी. सारंग रागावर बेतलेला कन्चेर्टो, 'सोनातिना इंदियाना' अशी त्या रचनांची नावे.

उपक्रम फार काळ चालला नाही. सोळा व्यापारी मुंबईत नव्हते असे कोण म्हणेल? होते, आणि लाइपझिगच्या मानाने कितीतरी श्रीमंत होते. पण पारशी रसिकाला सिंफनी हवी होती ती व्हिएन्नाची. हिंदुस्थानी संगीताच्या रसिकाला शंभर माणसांनी मिळून सारंग वाजवणे हा सारंगाचा अधिक्षेप वाटला असता. आणि चित्रपटाच्या निर्मात्याला गाण्याबाहेरच्या संगीतात रस नव्हता. तिन्ही बाजूंचे आक्षेप आम्हांस समजतात. रागाची वाढ एका गळ्यातून, एका क्षणी होते. ती आधी लिहून शंभरांत वाटली, की रागाचा सांगाडा उरतो, ही भीती निराधार नाही. तरीही जो वर्ग दोन्ही परंपरा बोटांनी जाणत होता, तोच तेवढा दोन्हींकडून 'वाजवणारी माणसे' म्हणून गणला गेला, हे सत्य त्यामुळे पुसले जात नाही. गोन्साल्विस साठीच्या दशकात अमेरिकेस गेले, पुढे गावी परतले, आणि २०१२ मध्ये वारले. बहुसंख्य देशबांधवांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधल्या एका विनोदी गाण्यामुळे. प्यारेलाल यांनी ते नाव त्या गाण्यात गुरुदक्षिणा म्हणून गोवले होते. पण हे कळायला आम्हांस कित्येक वर्षे लागली, आणि तोवर आम्ही त्या नावावर हसत होतो.

स्टुडिओतील मोठे वृंद ऐंशी-नव्वदीत सिंथेसायझरने मोडले. ज्यांच्या जिवावर मुंबईत केव्हाही एक सिंफनी वाद्यवृंद उभा राहू शकला असता, ती पिढी म्हातारी झाली आणि मुलांना त्यांनी दुसरे धंदे शिकवले. नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे आपल्या एनसीपीएत, मोठ्या वृंदास साजेसे जमशेद भाभा नाट्यगृह उघडले ते १९९९ मध्ये. घर तयार झाले तोवर बिऱ्हाडकरू पांगले होते. २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला, तेव्हा खुर्च्या भरायला वादक आणावे लागले ते मोठ्या संख्येने कझाकस्तानातून. नावात 'इंडिया' आणि बाकांवर भारतीय मोजके, अशी टीका तेव्हा बरीच झाली. आम्हीही खासगीत ती हिरिरीने केली. आज तिची धार आम्हांस थोडी बोथट वाटते. एक तर वृंदाने पगार, तालमी आणि हंगाम या तिन्ही गोष्टी प्रथमच एकत्र आणल्या, आणि वर्षातून दोनदा, पावसाळा सरताना आणि हिवाळा सरताना, मुंबईला पत्रिका देण्याचा परिपाठ घातला. दुसरे म्हणजे तेच परदेशी वादक एनसीपीएच्या अकादमीत मुंबईच्या मुलांना शिकवू लागले. गोव्यातल्या चर्चच्या शाळा जे काम करीत, ते आता पुन्हा लहान वयापासून होते आहे. दहा वर्षांच्या मुलाचे व्हायोलिन वृंदाच्या बाकापर्यंत पोचायला पंधरा वर्षे सहज लागतात. टीकाकारांना, आम्हांसुद्धा, एवढा धीर नव्हता.

याच वृंदासाठी झाकिर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंद यांचा 'पेशकार' हा कन्चेर्टो रचला. २०१५ मध्ये तो प्रथम वाजला, आणि २०१९ च्या इंग्लंड दौऱ्यात वृंदाने तो नेला. त्यातले तबल्याचे काही भाग लिहिलेले, काही त्या क्षणावर सोडलेले. समोर ऐंशी माणसे मोजलेल्या मात्रांवर वाट पाहत बसलेली. छापील तारखेच्या संगीताने पहिला षड्ज लागेपर्यंत थांबणाऱ्या संगीताला तेथे जागा करून दिली. झाकिर हुसेन डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्यांच्यावाचून हा कन्चेर्टो कोण आणि कसा वाजवील, हा प्रश्न आता वृंदापुढे आहे.

पण सारंगाचा तो कन्चेर्टो? झेव्हियर्सचा चौक आणि नरिमन पॉइंट यांच्यात टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांचे अंतर. ब्राम्स आणि चायकोव्हस्की यांच्या मधल्या अर्ध्या तासात, पाहुण्या एकलवादकाच्या आधी, १९५८ चे ते कागद एकदा बाकांवर मांडले जावेत. रचना कच्ची निघेल कदाचित, निघो. बेटोफनचीही फँटसी मध्येच थांबवावी लागली होती.