लाल मणी

ऑफिसच्या ग्रुपवर आम्ही आई-बाळांसाठी पैसे जमवायला लागलो की पहिला प्रश्न ठरलेला: "मशीन कोणतं घ्यायचं?" मीही तेच विचारायचो. मग गडचिरोलीची गोष्ट वाचली.

चंद्रपूरमधून १९८२ साली वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च'चं काम सुरू केलं. १९८८ साली त्यांच्या गावांतली हजारातली १२१ बाळं वर्षाची होण्याआधीच दगावत होती. न्यूमोनिया हे मोठं कारण. दवाखाना लांब, दाई जवळ. पण अनेक दायांना मोजता येत नव्हतं. म्हणून मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. इतका सोपा इंटरफेस मला आजवर जमलेला नाही.

१९९५पासून ३९ गावांत आरोग्यदूत बायका बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. सोबत थर्मामीटर, वजनकाटा, गरज पडलीच तर इंजेक्शन. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'ने हे छापलं. २०११पासून देशभरच्या 'आशा' ताई अशाच घरभेटी देतात.

आता ग्रुपवर मी विचारतो: मशीन वापरणारी बाई कोण? तिचं प्रशिक्षण, तिचं मानधन कोण देणार? मशीनचा फोटो टाकता येतो, मानधनाचा नाही. त्यामुळे पैसे हळू जमतात. तरी मागतो.