आवंढा गिळू नका

"काका, आता अर्धा मिनिट आवंढा गिळायचा नाही हं." पुण्यातल्या एका रुग्णालयात, मॅनोमेट्रीच्या म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजायच्या खोलीत, २६ वर्षं मी हेच म्हणत आले. नाकातून नळी घातलेल्या माणसाला नेमका तेव्हाच आवंढा येतो! पण अन्ननलिका आधीच्या घोटातून सावरली नाही, तर पुढची लाट खरी उमटत नाही.

या कामातला माझा मानलेला पूर्वज मेल्टझर. १८८३ साली त्याने आणि क्रोनेकरने रबरी फुगे गिळण्याच्या वाटेत उतरवून दाबाच्या रेघा काढल्या. फुगे गिळले ते मेल्टझरने स्वतः. पुढे १८९६मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी वॉल्टर कॅनन याने हंसाला बिस्मथ चारलं आणि जेमतेम वर्षाच्या क्ष-किरणांत त्याच्या लांब मानेतून उतरणारी सावली पाहिली. इथून दोन घराणी झाली, सावलीचं आणि दाबाचं.

सावलीच्या घराण्यात बिस्मथच्या जागी आलेलं बेरियम आजही कामाचं. अकॅलेशिया या आजारात अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट उघडत नाही. मग वर फुगलेली नलिका आणि तळाशी चोचीसारखं निमुळतं टोक लख्ख दिसतं. पण वरून रेटा किती, हे सावली सांगत नाही. फुग्याची खोड निराळी. अन्ननलिका त्यालाच घास समजून ढकलायला लागते, म्हणजे मोजणाराच मधे लुडबुडतो.

फुगा टाकून पाण्याने भरलेल्या बारीक नळ्या वापरल्या, तेव्हा १९५६मध्ये मेयो क्लिनिकच्या फाइक, कोड आणि श्लेगेल यांना तळाशी जास्त दाबाचा एक छोटा पट्टा सापडला. शवविच्छेदनात तिथे ठळक स्नायू हाती लागत नव्हता. हा पट्टा म्हणजेच खालच्या तोंडाची झडप; ती दाबाने सापडली, सुरीने नाही. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

माझी सुरुवात त्याच नळ्यांच्या वंशावर झाली. आठ वाटा, पंपाने थेंबथेंब सोडलेलं पाणी, दोन छिद्रांत पाच-पाच सेंटिमीटर अंतर. एखाद्या वाटेत हवेचा बुडबुडा अडकला की रेघ मेलेली. सकाळी पहिलं काम नळ्यांना टिचक्या मारून बुडबुडे हाकलण्याचं. झडप शोधायला नळी अर्धा-अर्धा सेंटिमीटर ओढायची. पेशंट आणि मी, दोघंही घामाघूम.

सेंट लुइसच्या रे क्लाउसने १९९०च्या दशकात या रेघांचे रंगीत नकाशे केले. आता एकाच नळीत सेंटिमीटरच्या अंतराने ३६ सेन्सर. दोन सेन्सरमधला रंग संगणक अंदाजाने भरतो, हे बघणारे विसरतात. मी विसरत नाही. तरी या नकाशांचं ऋण मोठं. २००८मध्ये शिकागोच्या पँडॉल्फिनो आणि सहकाऱ्यांनी याच रंगांवरून अकॅलेशियाचे तीन प्रकार वेगळे केले, आणि उपचाराला कोण किती दाद देईल हेही त्यावरून कळू लागलं.

मात्र आडवं निजवून पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट, हा आमचा नेम. एक मावशी वैतागून म्हणाल्या, "पाणी उतरतं हो, भाकरीचं बघा." डॉक्टरांनी मान डोलावली. मी मावशींना उठवून बसवलं. डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा त्यांनी नळी नाकात असतानाच चावला. तिसऱ्या घासाला पडद्यावर तळाशी जास्त दाबाचा लाल रंग दाटला, आणि मावशींचा हात आपोआप छातीवर गेला.