घोड्यांच्या गाडीतून बैल नेताना कोणती काळजी घ्यावी?

अमरावती-नागपूर महामार्गावरच्या गुरुकुंज मोझरी परिसरात लग्नसराईत नवरदेवाची घोडी नेणाऱ्या गाड्या दिसतात. हंगाम संपला की अशीच गाडी बैलजोडी बाजारात किंवा तळेगाव दशासरसारख्या शंकरपटाला नेण्यासाठी वापरावी, असा विचार होतो. घोड्याचे वजन पेलणारी गाडी बैलाचेही पेलते. पण दोन्ही जनावरांची उभे राहण्याची पद्धत आणि त्यांच्यासाठीचे नियम वेगळे आहेत. आतील रचना न बदलता बैल चढवले, तर पाय मोडण्याचा किंवा शिंग अडकण्याचा धोका असतो.

फरक कुठे पडतो?

घोड्यासाठी छातीच्या उंचीवर आडवा दांडा आणि दोन जनावरांमध्ये बांबू किंवा फळी असते. बैल मान खाली घालतो. त्यामुळे तो दांड्याखाली घुसू शकतो आणि फळीखालच्या फटीत त्याचे शिंग किंवा पाय अडकू शकतो. म्हणून मधली आड भक्कम आणि तळापर्यंत बंद असावी.

बैलाचे शेण पातळ असते. गुळगुळीत रबरी चटई त्याने लगेच निसरडी होते. त्यावर काथ्याची चटई किंवा फळ्या टाकून वर तणस पसरावे. तळाच्या लाकडी फळ्या कुजलेल्या नाहीत ना, हे चटई उचलून पाहावे.

नियम काय सांगतात?

प्राणी वाहतूक नियम, १९७८ नुसार एका मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरे नेता येत नाहीत. सोबत एक राखणदार आणि प्रथमोपचाराचे साहित्य लागते. गाडीत दुसरा माल भरता येत नाही. गुरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत. घोड्यांची तोंडे मात्र डावीकडे, म्हणजे शेजारून जाणाऱ्या वाहनांपासून दूर ठेवायची असतात. त्यामुळे आडवे कप्पे असलेल्या गाडीत आधी मांडणी बदलावी लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाय-म्हशीला किमान २ चौरस मीटर आणि घोड्याला २.२५ चौरस मीटर जागा ठरवली आहे. जनावरे नेणाऱ्या गाडीत कायमस्वरूपी कप्पे आणि परिवहन कार्यालयाचा विशेष परवाना लागतो. ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौदा सुमारे ४.६ चौरस मीटरचा होतो. म्हणजे त्यात दोनच बैल बसतात, तिसरा नाही.

कोणती कागदपत्रे लागतात?

जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात १२ अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. जनावर बाजारातून घेतले असेल, तर खरेदीची पावती जवळ ठेवावी. राज्यात गोवंश हत्याबंदी लागू असल्याने रस्त्यात तपासणी होऊ शकते. कागद नसतील, तर गाडी आणि जनावरे दोन्ही अडकून पडतात.

चढवताना आणि बांधताना

बैलाला उडी मारायला लावू नये. मातीचा उंचवटा असेल तिथे गाडी मागे घेऊन लावावी किंवा मजबूत उतार वापरावा. चढवण्याआधी चारा-पाणी द्यावे. वेसणीला कधीही बांधू नये, कारण ब्रेक लागताच नाकपुडी फाटू शकते. दावे म्होरकीला किंवा शिंगांना बांधावे. ते इतके लांब असावे की बैलाला मान हलवता येईल, पण इतके लांब नको की त्यात पाय अडकेल. गाठ एका ओढीत सुटणारी असावी. पाय बांधू नयेत.

रस्त्यावर

अचानक ब्रेक लावणे आणि वेगाने वळणे टाळावे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पहाटेच निघावे, हवा खेळती ठेवावी आणि पाणी सोबत घ्यावे. निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून जनावरे नीट उभी आहेत का, ते पाहावे. गाभण गाय प्रसूतीच्या जवळ असेल, तर प्रवास पुढे ढकलावा.

गाडीची स्वच्छता

सर्रा हा रोग घोड्यांना आणि गुरांना दोघांनाही होतो आणि चावणाऱ्या माश्या तो पसरवतात. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीने अमरावती-अकोला भागातही गुरे दगावली होती. म्हणून प्रत्येक फेरीनंतर शेण, तणस आणि चटई बाहेर काढावी, गाडी धुऊन जंतुनाशक फवारावे आणि ती पूर्ण वाळू द्यावी. त्यानंतरच घोडी किंवा बैल पुन्हा चढवावेत.